मैनेचा चावा आणि आमचे नाना

नानांची आणि माझी पहिली ओळख भांडणातून झाली, आणि भांडण मी एकटीच करत होते. नाशिक रोडहून एकलहऱ्याकडे जाताना तारेच्या कुंपणातलं त्यांचं मैदान लागतं. या गौरवग्रंथाच्या बहुतेक वाचकांच्या ते पायाखालचं आहे. सकाळी आठच्या सुमारास मी तिथे पोचले तेव्हा नाना पत्र्याच्या शेडपुढे बसून दाभणाने गोणपाट शिवत होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं, की मला कुत्रं हवं आहे, मोठं, तयार, अंगावर धावून जाणारं, आणि याच आठवड्यात. नानांनी हात न थांबवता विचारलं, घरात कोण कोण असतं. मी म्हटलं, त्याचा इथे काय संबंध? त्यावर ते म्हणाले, मग चहा घ्या आणि सावकाश घरी जा. चहा मी घेतला नाही. तणतणत गाडी काढली आणि चौथ्या दिवशी परत गेले, कारण दुसरीकडे कुठे जावं हे मला सुचत नव्हतं.

श्री. निंबाजीराव पगार, म्हणजे आपणा सर्वांचे नाना, यंदा पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांच्या पोलिसी श्वानपथकातल्या नोकरीबद्दल आणि निवृत्तीनंतर त्यांनी घरोघरी तयार करून दिलेल्या कुत्र्यांबद्दल या ग्रंथात जाणकार मंडळी लिहितीलच. मी त्यांची उशिरा आलेली आणि बऱ्यापैकी हट्टी शिष्या. समितीने लेख मागितला तेव्हा मी एका अटीवर होकार दिला, की मैनेच्या चाव्याची खरी हकिकत मला लिहू द्यावी. ‘नानांनी शिकवलेलं कुत्रं शेजाऱ्याला चावलं’ ही बातमी काही वर्षांपूर्वी आपल्या सगळ्या वर्तुळात फिरली होती. म्हातारा आता चुकायला लागला, असं तेव्हा म्हणणारे काहीजण आज याच ग्रंथात कौतुकाची पानं भरत असतील. त्यांच्यावर माझा राग नाही, कारण खरं काय घडलं ते मला ठाऊक होतं आणि मी मूग गिळून बसले होते. नानांच्या नावाला लागलेला तो बट्टा माझ्यामुळे लागला, आणि तो पुसायला याहून योग्य जागा मला मिळणार नाही.

आधी माझी अडचण सांगते. मी नाशिक रोडला वकिली करते. बहुतेक दावे नवरा-बायकोंचे. त्या सुमारास माझ्याकडे एका बाईंचा दावा होता. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून त्या दोन मुलांना घेऊन माहेरी आल्या होत्या, आणि मुलं कोणाकडे राहणार यावर सगळं अडलं होतं. नवऱ्याचा राग बायकोवरून माझ्यावर घसरला. काळं हेल्मेट घालून तो मोटारसायकलवर आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहायचा. बोलायचा नाही, हेल्मेटची काचही वर करायचा नाही. मी पोलिसांत अर्ज दिला, त्यांनी बोलावून समज दिली, आठ दिवस तो दिसला नाही आणि नवव्या दिवशी पुन्हा उभा. आमच्या रो-हाऊसमध्ये मी आणि माझी आई, दोघीच. आई फाटकाला कुलूप घालून दर पाच मिनिटांनी ते ओढून पाहायला लागली, तेव्हा मी नानांचा पत्ता काढला होता.

दुसऱ्या खेपेला मी हे सगळं सांगितलं. नानांनी शिवण बाजूला ठेवून ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ताई, आयतं कुत्रं मी देत नाय. दुसऱ्यानं वाढवलेलं कुत्रं तुमच्या घरात राखण कुणाची करंल? घर कोणचं हाय ते त्याला ठावं तर पायजे.” पिल्लू आणायचं, आपण वाढवायचं, रोज सकाळी सहाला मैदानावर हजर राहायचं, दीड-दोन वर्षं धीर धरायचा, अशी त्यांची पद्धत. मी विचारलं, आणि तोवर काय करू? त्यांनी आमच्या गल्लीचा पत्ता तेवढा विचारून घेतला. त्याच संध्याकाळी त्यांची जुनी स्कूटर आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली. त्या हेल्मेटवाल्याच्या शेजारी स्कूटर लावून नाना त्याला एक पत्ता विचारू लागले. दुसऱ्या दिवशी तोच पत्ता पुन्हा विचारला. असं त्यांनी पुढे कित्येक महिने केलं, आठवड्यातून तीन-चार वेळा तरी. तो पत्ता काही त्यांना शेवटपर्यंत सापडला नाही, पण तो माणूस मात्र स्कूटरचा आवाज आला की निघून जायला लागला.

पिल्लू निवडायला ते स्वतः माझ्याबरोबर आले. सहा पिल्लं खेळत होती. नानांनी पिशवीतून स्टीलचं ताट काढलं आणि फरशीवर आपटलं. सगळी पांगली. एक मादी मात्र दोन उड्यांत लांब पळाली, वळली, आणि मान लांब करून ताट हुंगायला परत आली. नाना म्हणाले, हीच. दचकणं वाईट नाही, परत यायला हवं. नाव ठेवण्यावरून घरात वाद झाला. मला काहीतरी दरारा असलेलं नाव हवं होतं आणि आईने ‘मैना’ म्हणून हाक मारायला सुरुवातही केली होती. नानांनी निकाल आईच्या बाजूने दिला, कारण संकटात हाक तीच मारणार. त्यामुळे संरक्षणाचं शिक्षण घेणारी जर्मन शेफर्ड आमच्याकडे मैना म्हणून वाढली. कोर्टातले माझे सहकारी याची यथेच्छ टिंगल करत.

पहिले आठ-नऊ महिने नानांनी चावण्याचं नावही काढू दिलं नाही. मैनेला त्यांनी दुनिया दाखवली. स्टेशनचा पादचारी पूल, भाजीबाजार, रसवंतीचं गुऱ्हाळ, शाळा सुटायची वेळ. एका लग्नाच्या वरातीपुढे बँड वाजत होता आणि मैना माझ्या पायांत शिरून थरथरत होती. मी तिला उचलायला वाकले तर नानांनी मला मागे केलं, रस्त्याच्या कडेला खाली बैठक मारली आणि खिशातून भुईमुगाच्या शेंगा काढून एकेक सोलून खाऊ लागले. वरातीकडे त्यांनी पाहिलंही नाही. पाच-सात मिनिटांत मैना त्यांच्या मांडीला टेकून शेंगांची टरफलं चघळत होती. भ्यालेलं कुत्रं राखण करत नाही, ते भीतीने चावतं, आणि भीतीला मालक-चोर कळत नाही, हे त्यांनी मला परतीच्या वाटेवर सांगितलं.

नानांबद्दल लिहायचं तर त्यांचा स्वभाव झाकून चालणार नाही. ते फोन उचलत नाहीत. एकच गोष्ट चार वेळा सांगतात आणि पाचव्यांदा आपण ऐकली आहे म्हटलं तर रागावतात. कुत्र्यांशी जितकं गोड बोलतात त्याच्या निम्मं आमच्याशी बोलले असते तर आमची वजनं वाढली असती. एकदा एक बंगलेवाले गृहस्थ मोठ्या गाडीतून आले. त्यांना असं कुत्रं हवं होतं, की घरातल्या नोकरमाणसांना धाक बसावा. नानांनी त्यांना शेडपुढच्या खुर्चीवर बसवलं, काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नींना, चहा टाकायला सांगितलं, आणि चहा होईपर्यंत हात जोडून सांगून टाकलं की हे काम आपल्याला येत नाही. चाळीस वर्षं हेच काम केलेल्या माणसाने ते सांगितलं. गृहस्थ गेल्यावर काकू म्हणाल्या, शेडचे पत्रे बदलायचे राहिलेत. नाना म्हणाले, राहू दे गळत. ते पत्रे अजून तसेच आहेत.

आता त्यांच्या शिकवणीचं मर्म सांगते, कारण माझी चूक त्यातच दडलेली आहे. नऊ महिने झाल्यावर मैनेच्या तोंडी गोणपाट आलं, मग काकूंनी जुन्या गोधड्या दुमडून शिवलेली जाड बाही आली. ‘धर’ हा शब्द शिकवायच्या आधी नाना ‘सोड’ पक्का करून घेत. बाही चढवून चोर होणारा माणूस बहुधा ते स्वतःच, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी. आणि सराव संपला की एक गोष्ट कधी चुकायची नाही. चोर बाही काढून जमिनीवर बसायचा, ओंजळीत पाणी घ्यायचा, आणि ज्या कुत्र्याने मघाशी त्याचा हात धरला होता त्याला ते पाजायचा. कुत्रं पाणी पिईपर्यंत मैदानावरून कोणी हलायचं नाही. काही कुत्री पाच मिनिटांत पीत, काही अर्धा तास तोंड फिरवून बसत. मला हा वेळ फुकट गेल्यासारखा वाटे. एकदा मी तसं बोलले तर नाना म्हणाले, “तिला काम शिकवायचंय, ताई. तुमचा राग नाय शिकवायचा.”

मैना चौदा महिन्यांची होती तेव्हा कोर्टाच्या पायऱ्यांवर त्या माणसाने मला गाठलं. आवाज अगदी साधा होता. म्हणाला, आई दिवसभर एकटीच असते ना तुमची. एवढंच बोलून तो निघून गेला, आणि माझा धीर सुटला. नानांच्या वेळापत्रकाने मैना तयार व्हायला अजून सहा-आठ महिने होते. माझा मावसभाऊ राजेश एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला आहे. रविवारी त्याला बोलावलं, डोक्यावर काळं हेल्मेट दिलं, हाताला जुनी रजई गुंडाळली, आणि आमच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर मैनेला त्याच्या अंगावर सोडलं. असे चार रविवार झाले. नानांना यातलं काही सांगितलं नाही. पाणी पाजायचं आम्ही टाळलं. राजेशला घाई असायची हे खरं, पण त्याहून खरं हे की मला ते पाणी नकोच होतं. मैनेने त्या हेल्मेटचा राग धरावा, हेच मला हवं होतं.

तिने तो धरला. आमच्या शेजारी देवरेकाका राहतात, सरकारी छापखान्यातून निवृत्त झालेले. सकाळी साडेसहाला ते स्कूटरवर दूध आणायला जात आणि येताना आमची पिशवी आमच्या फाटकात देत. मुलाने शपथ घातल्यामुळे पुढच्या गल्लीत जायचं असलं तरी ते हेल्मेट घालत, आणि फाटकाशी आले की काढत. त्या दिवशी त्यांचे दोन्ही हात भरलेले होते, म्हणून काढलं नाही. आईने फाटक उघडलं आणि मैनेने काकांचा हात कोपराखाली धरला. मी आतून ‘सोड’ म्हणून ओरडले. तिने पहिल्याच हाकेला सोडलं, तेवढी नानांची शिकवण माझ्या मूर्खपणातूनही शिल्लक होती. तरीही सात टाके पडले, आणि इंजेक्शनांचा कोर्स लागला तो वेगळाच.

कॉलनीत दुसऱ्याच दिवशी बैठक ठरली. रविवारपर्यंत कुत्रं गेलं पाहिजे, असं सगळ्यांचं म्हणणं, आणि चुकीचं काहीच नव्हतं. नाना बैठकीच्या आधी तासभर आले. मैनेला त्यांनी खूप वेळ नुसतं पाहिलं. मग देवरेकाकांचं हेल्मेट मागवून घेतलं आणि व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवलं. मैनेच्या मानेवरचे केस उभे राहिले. नाना माझ्याकडे वळले.

“ताई, पाणी पाजलं नाय ना कुणी हिला?”

मी तिथेच ओट्यावर बसून सगळं सांगितलं, रविवार, राजेश, हेल्मेट, सगळं. माझी बोलणी खायची तयारी होती. नानांनी एकच विचारलं, हे आणखी कोणाला ठाऊक आहे का. मी म्हटलं, फक्त राजेशला. ते उठले, देवरेकाकांना भेटून येतो म्हणाले, आणि तिथूनच परस्पर बैठकीला आले.

बैठकीत मी बोलायला उभी राहिले होते. खरं तेच सांगणार होते, निदान तसं मला आजही वाटतं. नानांनी हाताने मला खाली बसायची खूण केली आणि स्वतः उभे राहिले. म्हणाले, “शिकवण माझी हाय, चूक माझी हाय. चाळीस दिवस द्या मला. नाय जमलं तर मी सोता तिला घेऊन जातो.” मागून एकजण म्हणाला, की या वयात झेपत नसेल तर लोकांच्या जिवाशी खेळ कशाला करता. दुसऱ्याने त्याहून वाईट काहीतरी म्हटलं, ते इथे लिहीत नाही. नाना टोपी हातात घेऊन, खाली मान घालून ऐकत राहिले. मी बसून राहिले. एवढं एक वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

देवरेकाकांनी तक्रार केली नाही, म्हणून चाळीस दिवस मिळाले. दिवस चैत्राचे होते. नाना रोज दुपारी चारला यायचे, काळं हेल्मेट डोक्यावर चढवून देवरेकाकांच्या पायरीवर बसायचे आणि तासभर काहीही करायचे नाहीत. मैना आमच्या व्हरांड्यात, पट्टा माझ्या हातात. हेल्मेटच्या आतून घाम गळून त्यांच्या सदऱ्याची कॉलर भिजायची. गल्लीतली पोरं जमून हसायची. पाचव्या दिवशी देवरेकाकांनी, हात गळ्यात अडकवलेला तसाच, बाहेर चहा आणला. नानांनी काच वर करून चहा प्यायला आणि काच पुन्हा खाली घेतली. बोलता बोलता निघालं की एक कळवणचे आणि दुसरे सटाण्याकडचे. मग काय, दोघांची अहिराणी सुरू झाली आणि मला त्यातलं निम्मंच कळायचं. रोज नाना दोन पावलं आमच्या फाटकाच्या जवळ सरकून बसायचे. तिसऱ्या आठवड्यात देवरेकाकांनीही आपलं हेल्मेट चढवलं. दोन म्हातारे भर उन्हात हेल्मेटं घालून, बशीत चहा ओतून पिताहेत, हे दृश्य आमच्या गल्लीने पंधरा-वीस दिवस पाहिलं.

मैनेने नानांच्या ओंजळीतलं पाणी लवकर प्यायलं. देवरेकाकांचा दिवस आला तेव्हा चौतिसावा दिवस होता. टाक्यांचा व्रण अजून लाल होता. त्यांनी डोक्यावर हेल्मेट ठेवूनच, तोच हात दुसऱ्याला जोडून, ओंजळ पुढे केली. मैना उठली तरी त्यांनी ती मागे घेतली नाही. मैना जवळ गेली, तिने हुंगलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ती प्यायली. देवरेकाका म्हणाले, खरबरीत लागते की जीभ. मी घरात जाऊन रडले.

त्या चाळीस दिवसांत नानांचं काय गेलं, ते मला नंतर काकूंकडून कळलं. दोन मालकांनी आपली कुत्री मैदानावरून काढून नेली. एका मोठ्या वसाहतीने रखवालीच्या कुत्र्यांचं काम त्यांना द्यायचं ठरवलं होतं, ते परस्पर दुसऱ्याला गेलं. श्वानपथकातल्या त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांच्या मेळाव्यात दरवर्षी ते नवीन लोकांसमोर बोलत. त्या वर्षी त्यांना बोलायला सांगितलं नाही. ते गेले, मागच्या रांगेत बसले, जेवले आणि परत आले. मी एकदा त्यांना म्हटलं की मी सगळ्यांना खरं सांगून टाकते. ते म्हणाले, दावा संपू द्या. आणि पुढचं कधी बोलूच दिलं नाही.

दाव्याचा निकाल महिन्यावर आला असताना तो माणूस भर दुपारी आमच्या घरी आला. आई अंगणात कुरडया वाळत घालत होती, फाटक नुसतं लोटलेलं होतं. डोक्यावर तेच हेल्मेट. तो फाटक ढकलून आत आला आणि आईच्या दिशेने निघाला. आईने हाक मारली, मैना! मी आतून धावत आले तोवर मैना दोघांच्या मध्ये उभी होती, त्याच्यापासून दोन हातांवर, आणि भुंकत होती. त्याने पाऊल पुढे टाकलं की ती एक पाऊल पुढे येत होती, तो थांबला की थांबत होती. त्याला तिने शिवलं नाही. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. ‘धर’ हा शब्द माझ्या अगदी दातांशी होता. मनातलं सांगायचं तर तो म्हणायला मला आवडलं असतं. मी म्हटलं, “चालते व्हा.” तो माणूस पाठ न फिरवता फाटकापर्यंत मागे मागे गेला. तोवर देवरेकाकांनी गच्चीवरून पोलिसांना फोन लावला होता.

त्याच्या अंगावर साधा ओरखडाही नव्हता. वकील म्हणून या गोष्टीची किंमत मला त्याच संध्याकाळी कळली. मैना चावली असती तर तो जखम दाखवत कोर्टात उभा राहिला असता. त्याऐवजी दुसऱ्याच्या घरात घुसून एका म्हातारीला धमकावणारा म्हणून उभा राहिला. मुलं त्यांच्या आईकडेच राहिली. त्यानंतर तो माणूस गल्लीत कधी दिसला नाही. मी नानांना फोन लावला आणि नवल म्हणजे त्यांनी तो उचलला. सगळं ऐकून घेतल्यावर विचारलं, आई बऱ्या हायेत ना? मी हो म्हटलं. मग म्हणाले, उद्या सहाला मैदानावर या, सुट्टी नाय.

हा लेख लिहायला बसण्याआधी, गेल्या महिन्यात, मी देवरेकाकांकडे गेले. त्या चुकीवरचं नानांचं नाव पुसून माझं लिहायचं तर ज्यांच्या हातावर व्रण आहे त्यांना आधी सांगायला हवं होतं. मी सांगितलं. काका शांतपणे अडकित्त्याने सुपारी कातरत होते.

“ते मला माहीत होतं. रविवारी गच्चीवरून दिसायचं की सगळं.”

 मग इतकी वर्षं बोलला का नाहीत, असं मी विचारलं. तेव्हा त्यांनी बैठकीआधीच्या त्या तासाची गोष्ट सांगितली, जी मला कोणीच सांगितली नव्हती. नाना त्यांच्याकडे गेले, जखमेचा हात दोन्ही हातांत घेतला, आणि म्हणाले की वकीलबाईंनी मुद्दाम त्या माणसाच्या हेल्मेटवर कुत्रं तयार केलं हे बाहेर पडलं तर तो ते कोर्टात वापरेल, बाईंची वकिली जाईल आणि त्या दोन लेकरांना तो घेऊन जाईल. तुमच्या हाताची माफी मी मागतो, पण नाव माझं घ्या. देवरेकाका त्यांना म्हणाले होते, पगार, तुमचं नाव खराब होईल, जन्मभर कमावलेलं. त्यावर नाना म्हणाले, “हू द्या. कुत्र्यांना कुठं वाचता येतं.”

काकांनी हे सांगितलं आणि सुपारी माझ्यापुढे केली. मी घेतली, पण ती मला चघळता येईना. त्या काळात मी रोज समजत होते की माझी राखण करायला मी एक कुत्री वाढवते आहे. दोन म्हातारी माणसं, एकाचा हात आणि एकाचं नाव पुढे करून, माझ्यासाठी उभी आहेत, हे मला दिसलंच नाही.

नानांना मी सांगितलं की हे सगळं छापून येणार आहे. ते चिडले. म्हणाले, मग सत्कार देवरेंचा करा, टाके त्यांना पडलेत. समितीने देवरेकाकांनाही व्यासपीठावर बोलावलं आहे, तेव्हा तोही प्रश्न मिटला. ज्यांनी तेव्हा नानांकडून आपली कुत्री काढून नेली होती, त्यांना माझी विनंती आहे की सत्काराच्या दिवशी येऊन नानांना नमस्कार करावा. मीही आधी तेच करणार आहे.

मैना आता म्हातारी व्हायला लागली आहे. जिने चढताना थांबते. मागच्या पंधरवड्यात आम्ही नवं पिल्लू आणलं, आणि नानांनी शब्द दिला आहे की याचंही शिक्षण तेच करतील. म्हणजे दोन वर्षं ते कुठे जात नाहीत. ती संपली की मी आणखी एक पिल्लू आणणार, त्यानंतर आणखी एक. आमच्या घरात जागा भरपूर आहे. गडावरच्या देवीआईने नानांचे गुडघे, त्यांचा दुखरा खांदा आणि काकूंची त्यांच्यावरची सहनशक्ती तोवर शाबूत ठेवावी, एवढंच मागणं.

आणि नाना, एक तुमच्यापाशी मागते. शिकताना माझी पुन्हा चूक होईल, ती होणारच. तेव्हा तुम्ही खाली बसा. या खेपेला मी उभी राहीन.